महाजालावरील रेणुदर्शन

पुस्तकाच्या पानावर रेणू काढून दाखवणे रसायनशास्त्राला प्रारंभापासून भाग पडले असले, तरी जी वस्तू मुळातच लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही दिशांना पसरलेली आहे तिला कागदाच्या दोन मितींत बसवताना तिचा काही ना काही अंश गमवावा लागतो, आणि पुष्कळदा नेमका तोच अंश तिच्या गुणधर्मांचे मूळ असतो. कार्व्होन या पदार्थाचेच पाहावे. त्याचे दोन प्रकारचे रेणू अणूंची जात, त्यांची संख्या, त्यांच्या जोडणीचा क्रम या सर्व बाबतींत एकसारखे. भेद इतकाच, की एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब होय. तरीसुद्धा एकाला पुदिन्याचा वास येतो आणि दुसऱ्याला शहाजिऱ्याचा. कागदावर हा भेद भरीव पाचर आणि तुटक पाचर अशा दोन खुणांनी दाखवण्याची वहिवाट आहे. परंतु ज्याची नजर अद्याप तयार झालेली नाही त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्या खुणा म्हणजे पाठ करावयाची आणखी एक बाब एवढेच असते. तोच रेणू त्याच्यासमोर पडद्यावर उभा राहिला, बोटाच्या हालचालीसरशी वळू लागला, आणि दोन्ही रूपे शेजारी ठेवून कितीही फिरवली तरी ती एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, म्हणजे खुणांचा अर्थ त्याला वेगळा सांगावा लागत नाही.

वाचकासमोर मजकूर चालू असतानाच, त्याच पानात, असा फिरता रेणू कसा उभा करावा, आणि आज उभा केलेला रेणू दहा वर्षांनी तेथे सापडेल याची हमी कशी द्यावी, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्नाच्या पूर्वार्धाला तीस वर्षांत अनेक उत्तम उत्तरे मिळाली. उत्तरार्धाकडे मात्र फार थोड्यांनी लक्ष दिले, आणि त्या दुर्लक्षाची किंमत रसायनशिक्षणाने एकदा नव्हे तर दोनदा मोजली आहे. माझ्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म चित्राच्या देखणेपणात नसून टिकाऊपणात आहे, आणि पुढील विवेचन त्याच दृष्टीने केले आहे.

रेणूची प्रतिकृती करण्याची परंपरा संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. ७ एप्रिल १८६५ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देताना आउगुस्ट विल्हेल्म फॉन होफमान यांनी क्रोके या खेळातील चेंडू धातूच्या नळ्यांनी जोडून श्रोत्यांसमोर रेणू मांडले. कार्बन काळा, ऑक्सिजन तांबडा, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा आणि हायड्रोजन पांढरा ही त्यांची रंगयोजना आजही जगातील बहुतेक सर्व रेणुदर्शक आज्ञावलींत जवळजवळ जशीच्या तशी चालू आहे. ज्या काळात त्यांनी हे चेंडू जोडले त्या काळात कार्बनच्या चार बाहूंची अवकाशातील दिशा कोणालाच ठाऊक नव्हती, म्हणून त्यांचे रेणू सपाट होते. ते चार बाहू चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात हे फान्ट होफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये स्वतंत्रपणे प्रतिपादन केले, आणि तेव्हापासून रेणूला खोली प्राप्त झाली. पुढे केंब्रिज येथे जॉन केंड्रू यांनी मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना क्ष-किरणांच्या साह्याने उलगडली, तेव्हा तिची प्रतिकृती उभी करण्यासाठी उभ्या सळयांचे असे दाट जंगल रचावे लागले, की आतील रेणू पाहण्यास त्या सळयांचाच अडथळा होऊ लागला. मोठ्या रेणूंसाठी लाकूड आणि तार अपुरी पडणार, हे तेथेच स्पष्ट झाले.

संगणकाच्या पडद्यावर रेणू हवा तसा वळवून पाहण्याचा पहिला मोठा उद्योग अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सायरस लेव्हिन्थाल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास केला. प्रथिनांची रेखाकृती पडद्यावर फिरवण्यासाठी त्यांच्या यंत्राला हाताने हलवावयाचा एक गोलक जोडलेला होता. अशी यंत्रे त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच संस्थांकडे असल्यामुळे हे दर्शन पुढील पंचवीस वर्षे मोजक्या प्रयोगशाळांच्या चार भिंतींत राहिले. मात्र त्याच अवधीत एक शांत आणि अतिशय दूरगामी कार्य घडले : १९७१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत प्रोटीन डेटा बँक या नावाचे सार्वजनिक दप्तर उघडण्यात आले. आरंभी त्यात अवघ्या सात रचना होत्या. छिद्रपत्रांच्या ऐंशी स्तंभांच्या मापात बसेल अशा साध्या मजकुराच्या ओळींत प्रत्येक अणूचे नाव आणि त्याचे तीन सहनिर्देशक अँगस्ट्रॉममध्ये लिहावयाचे, एवढीच त्या दप्तराची लेखनपद्धती. पण ती कोणत्याही एका यंत्राची किंवा कंपनीची बटीक नव्हती. २०२३ च्या आरंभी या दप्तरातील रचनांची संख्या दोन लाखांवर गेली.

या पार्श्वभूमीवर १९९३ मध्ये रॉजर सेल या तरुण ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने रॅसमॉल ही आज्ञावली तिच्या मूळ संकेतासह (सोर्स कोडसह) सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिली, आणि जे दृश्य पाहण्यासाठी पूर्वी महागडे यंत्र लागे ते सामान्य घरगुती संगणकावर दिसू लागले. रॅसमॉलचा वेग विलक्षण होता. पण मला तिचा त्याहून मोठा गुण वाटतो तो तिच्या आज्ञांच्या भाषेत. अमुक अणू निवड, ते भरीव गोलांनी दाखव, साखळी फितीच्या रूपात काढ, तांबडा रंग दे, अशा स्वरूपाच्या थोडक्या आणि वाचताक्षणी समजणाऱ्या आज्ञा एका ओळीत एक याप्रमाणे लिहून ठेवता येत, आणि ती यादी म्हणजेच एका दृश्याची संपूर्ण नोंद असे. या भाषेचे आयुष्य तिला जन्म देणाऱ्या आज्ञावलीहून मोठे ठरले. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

महाजालाचा प्रसार होऊ लागताच लंडनच्या इंपिरियल कॉलेजातील हेन्री झेपा आणि त्यांच्यासमवेत पीटर मरी-रस्ट व बेंजामिन व्हिटेकर यांनी एक साधी परंतु मार्मिक सूचना मांडली. सर्व्हरकडून ब्राउझरकडे जाणाऱ्या प्रत्येक फाइलीसोबत ती मजकुराची आहे, चित्राची आहे की ध्वनीची आहे हे सांगणारा एक शेरा जात असतो. त्या शेऱ्यांमध्ये 'रसायन' असा स्वतंत्र वर्ग असावा, म्हणजे रेणूची फाइल येताच ब्राउझर ती आपोआप रॅसमॉलसारख्या आज्ञावलीच्या हवाली करील. ही तजवीज १९९४ च्या सुमारास पुढे आली आणि लवकरच रूढ झाली. तिच्यात मूलभूत महत्त्वाची गोष्ट अशी, की वाचकाकडे येत होते ते रेणूचे चित्र नसून प्रत्यक्ष सहनिर्देशक होते. चित्र पाहून संपते; सहनिर्देशक मिळाले म्हणजे वाचक स्वतः अंतर मोजू शकतो, कोन काढू शकतो, लेखकाला न सुचलेला प्रश्न विचारू शकतो. संवादी रेणुदर्शन आणि शोभेचे फिरते चित्र यांतील सीमारेषा मी येथेच ओढतो.

तथापि रेणू वेगळ्या खिडकीत उघडत असे, आणि मजकूर एका जागी व आकृती दुसऱ्या जागी अशी वाचकाची ओढाताण होई. ही अडचण १९९६ मध्ये अमेरिकेतील एमडीएल या कंपनीच्या 'चाइम' या प्लगिनने दूर केली. प्लगिन म्हणजे ब्राउझरमध्ये बाहेरून आणून बसवलेला आज्ञावलीचा तुकडा. त्या काळच्या नेटस्केप ब्राउझरने अशा तुकड्यांना मुभा दिली होती. चाइमच्या पोटात रॅसमॉलचाच संकेत होता, त्यामुळे तिची भाषाही रॅसमॉलचीच होती, आणि आता रेणू परिच्छेदांच्या मध्ये, मजकुराच्या शेजारी, जिवंत दिसू लागला. शिक्षकांनी या साधनाचे ज्या उत्साहाने स्वागत केले त्याला तोड नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील एरिक मार्ट्झ यांनी चाइमच्या आधारावर 'प्रोटीन एक्सप्लोरर' उभे केले. हिमोग्लोबिन, डीएनए, प्रतिपिंडे यांवरील पाठ जगभरच्या अध्यापकांनी स्वतःच्या वेळातून, बहुधा कोणत्याही अनुदानाशिवाय, रचून सर्वांसाठी खुले ठेवले. एखादे बटण दाबताच साखळीचा एक भाग उजळतो, दुसरे दाबताच हीमच्या मध्यभागी बसलेला लोहाचा अणू समोर येतो, अशी ही पाने होती, आणि त्यांमागची शिक्षकी तळमळ आजही वाखाणण्याजोगी आहे.

परंतु चाइम विनामूल्य असली तरी मुक्त नव्हती. तिचा मूळ संकेत कंपनीच्या कुलपात होता. मॅकिंटॉशची ओएस टेन ही नवी कार्यप्रणाली आली, तिच्यासाठी चाइमची स्वतंत्र आवृत्ती निघाली नाही. लिनक्स वापरणाऱ्यांची सोय झाली नाही. ब्राउझर बदलत गेले, त्यांच्याशी जुळवून घेण्याचे काम मंदावत गेले आणि अखेर थांबले. कंपनीला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही, कारण विनामूल्य वाटलेल्या वस्तूची अनंत काळ देखभाल करण्याचा करार तिने कोणाशीही केला नव्हता. दोष असलाच तर तो आम्हा वापरणाऱ्यांच्या पूर्वकल्पनेत होता : आज जे फुकट मिळते ते उद्याही मिळेल, असे आपण धरून चाललो. ज्यांच्याकडे मूळ संकेत नव्हता त्यांच्या हाती दुरुस्तीचा अधिकारही नव्हता, आणि पाहता पाहता कष्टाने रचलेली पाने रिकाम्या चौकटी दाखवू लागली.

या संकटातून जो मार्ग निघाला त्याचे नाव जेमॉल. डॅन गेझेल्टर यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आरंभलेल्या या आज्ञावलीचा मूळ संकेत पहिल्यापासून खुला होता, आणि म्हणूनच तिची धुरा एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊ शकली : ब्रॅडली स्मिथ, एगॉन विलिहागेन, मिगेल हॉवर्ड, आणि २००६ पासून अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या सेंट ओलाफ कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट हॅन्सन. एका लहानशा महाविद्यालयातील अध्यापकाने आपल्या अध्यापनाचा व्याप सांभाळून या साधनाला जे रूप दिले ते पाहिले, म्हणजे विद्वत्तेच्या क्षेत्रात संस्थेच्या आकारापेक्षा निष्ठेला अधिक मोल आहे याची खात्री पटते. जेमॉल जावा भाषेत लिहिलेले असल्यामुळे त्याचे ॲप्लेट, म्हणजे पानात चालणारी छोटी जावा आज्ञावली, वाचकाने निराळे प्लगिन मिळवून न बसवताही पानात उघडत असे, कारण जावा बहुतेक संगणकांवर असेच. हॉवर्ड यांनी चित्रणाचे यंत्र असे काही रचले, की संगणकात आलेखासाठी खास उपकरण नसले तरी गोल आणि फिती सुरेख उमटत. आणि सर्वांत दूरदर्शी निर्णय म्हणजे रॅसमॉल व चाइम यांची आज्ञाभाषा जेमॉलने स्वीकारली. त्यामुळे जुन्या पाठांतील आज्ञांच्या याद्या थोड्या डागडुजीने नव्या घरात नांदू लागल्या. मार्ट्झ यांनी 'फर्स्टग्लान्स' हे नवे साधन जेमॉलवर उभारले, इस्राएलच्या वाइझमान संस्थेत 'प्रोटिओपीडिया' हा ज्ञानकोश त्यावर सुरू झाला, आणि आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाच्या नियतकालिकांनी २००८ च्या सुमारास संशोधन-लेखांतच फिरत्या आकृती छापण्याची सोय केली. जेमॉलमध्ये मद्रासच्या गो. ना. रामचंद्रन यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रथिन-साखळीतील कोनांचा आलेख एका आज्ञेसरशी काढता येतो. १९६३ मधील त्या भारतीय कार्याचा असा नित्य उपयोग जगातील प्रयोगशाळांत होत आहे, याचा अभिमान वाटल्याशिवाय राहत नाही.

दुसरा आघात जावावरच झाला. प्लगिन आणि ॲप्लेट या दोन्ही पद्धतींत परक्या आज्ञावलीला वाचकाच्या संगणकात फार मोकळीक मिळत असे. दारावर आलेल्या पाहुण्याच्या हाती घरातील सगळ्या किल्ल्या द्याव्यात, तसाच तो प्रकार होता. जावातील सुरक्षादोषांचा गैरफायदा घेतला जात असल्यामुळे जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला नागरिकांना दिला. पुढल्या वर्षी जावाच्या नव्या आवृत्तीने स्वाक्षरीवाचूनची ॲप्लेटे नाकारण्यास आरंभ केला. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने जावाच्या प्लगिनला रजा दिली. आयफोन आणि आयपॅड यांवर तर जावाची ॲप्लेटे कधीच चालली नव्हती. शिक्षणाची हानी झाली हे खरे असले तरी ब्राउझर तयार करणाऱ्यांचा हा निर्णय मला न्याय्य वाटतो. वाचकाच्या सुरक्षिततेचा सौदा करून दाखवलेला रेणू कितीही सुंदर असला तरी तो समर्थनीय नाही.

यावेळी मात्र रसायनशास्त्रज्ञ बेसावध नव्हते. हॅन्सन यांनी, जावातील संकेताचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करणाऱ्या झोऊ रेन्जियान यांच्या आज्ञावलीचा आधार घेऊन, जेमॉलची जवळजवळ संपूर्ण यंत्रणा ब्राउझरच्या स्वतःच्या भाषेत उतरवली. जेएसमॉल या नावाने ती २०१३ मध्ये विद्वानांसमोर आली, आणि बाहेरचे काहीही न बसवता, भ्रमणध्वनीवरसुद्धा, रेणू दिसू लागला. हजारो पानांचे लेखक आपल्या आज्ञांच्या याद्या न बदलता केवळ बोलावणे बदलून पुढे जाऊ शकले. चाइमच्या वेळी जे जमले नाही ते जेमॉलच्या वेळी का जमले, याचे उत्तर एकच : मूळ संकेत सर्वांच्या हाती होता.

याच सुमारास दुसऱ्या बाजूने एक मोठी शक्ती पुढे येत होती. मार्च २०११ मध्ये आलेखनाची मानके ठरवणाऱ्या ख्रोनॉस गटाने वेबजीएल हे मानक जाहीर केले, आणि संगणकातील आलेखनाच्या खास चिपवर ब्राउझरला थेट काम सोपवता येऊ लागले. जेएसमॉल आपले गोल मुख्य प्रक्रियकाकडून एकेक ठिपका मोजून रंगवून घेते. म्हणून ते जुन्या यंत्रांवरही भरवशाने चालते, पण मोठ्या रेणूपुढे दमते. वेबजीएलमध्ये तेच काम हजारो ठिपक्यांसाठी एकाच वेळी होते, आणि गोलाचा पृष्ठभाग असंख्य त्रिकोणांनी रचण्याऐवजी एका सपाट चौकोनावर गणिताने गोलाचा आभास निर्माण करण्याची युक्ती वापरता येते. जपानचे ताकानोरी नाकाने यांचे जीएलमॉल हे या मार्गावरील आरंभीचे पाऊल. त्याच्याच संकेतावर पिट्सबर्ग विद्यापीठातील निकोलस रेगो आणि डेव्हिड कोस यांनी थ्रीडीमॉल उभारले. पानाच्या मजकुरात दोन-चार ओळी घालताच रेणू दिसावा, असा त्याचा सुटसुटीतपणा आहे. जर्मनीतील अलेक्झांडर रोझे व पीटर हिल्डेब्रांट यांचे एनजीएल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि एचआयव्ही विषाणूच्या कवचाची सुमारे २४ लाख अणूंची रचनाही साध्या ब्राउझरमध्ये पाहता येते हे त्याने दाखवून दिले. झेक प्रजासत्ताकातील बर्नो येथील डेव्हिड सेनाल यांचे लाइटमोल २०१७ मध्ये आले. पुढे या दोन प्रतिस्पर्धी प्रवाहांनी एकमेकांशी चढाओढ करण्याऐवजी एकत्र येण्याचे ठरवले, हे मला या तीस वर्षांतील सर्वांत समाधानकारक पर्व वाटते : युरोपातील आणि अमेरिकेतील प्रोटीन डेटा बँकांच्या सहकार्याने रोझे, सेनाल आणि त्यांचे सहकारी यांनी मोलस्टार रचले, त्याचे वर्णन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आज त्या दप्तराच्या अधिकृत पानांवर तेच बसवलेले आहे.

सपाट सूत्रे काढण्याच्या साधनांचा इतिहास त्याच मार्गाने गेला असल्यामुळे त्यात फार रेंगाळण्याचे कारण नाही. स्वित्झर्लंडमधील पीटर एर्टल यांचे जेएमई हे जावा ॲप्लेट वर्षानुवर्षे असंख्य रासायनिक शोधपानांचे दार होते. जावा जाताच ब्रुनो बिएन्फे यांच्यासह त्यांनी २०१३ मध्ये त्याचा जावास्क्रिप्ट अवतार काढला आणि तो खुल्या परवान्याखाली दिला. केचर हे तशाच कामाचे दुसरे मुक्त साधन. या सर्वांचा आधार म्हणजे रेणू एका ओळीच्या मजकुरात लिहिण्याच्या पद्धती : डेव्हिड वाइनिंगर यांची स्माइल्स, जिच्यात इथेनॉल 'सी, सी, ओ' एवढ्या तीन अक्षरांत मावते, आणि आयुपॅक या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघाने २००५ पासून प्रसृत केलेली इंची, जी एका रेणूला एकच ठराविक नाव देते.

येथे फाइलींच्या लेखनपद्धतींकडे वळले पाहिजे, कारण टिकाऊपणाचा खरा निकाल तेथेच लागतो. सर्वांत साधी एक्सवायझेड फाइल : पहिल्या ओळीत अणूंची संख्या, दुसऱ्या ओळीत एखादा शेरा, आणि पुढे प्रत्येक अणूचे चिन्ह व तीन आकडे. पाण्याचा रेणू अशा पाच ओळींत संपतो, आणि त्या ओळींवरून ऑक्सिजन-हायड्रोजन अंतर ०.९६ अँगस्ट्रॉम व मधला कोन १०४.५ अंश हे कोणीही कागद-पेन्सिलीने काढू शकतो. अशी फाइल शंभर वर्षांनीही वाचता येईल. याउलट कार्यक्षमतेच्या हौसेने निर्माण झालेल्या लेखनपद्धती लवकर मावळतात. प्रोटीन डेटा बँकेच्या अमेरिकन शाखेने मोठ्या रचना झटपट पाठवण्यासाठी काढलेली एमएमटीएफ ही द्विमान पद्धती खुली होती, उत्तम होती, आणि तरीही दहा वर्षे पुरती होण्याआधीच, जुलै २०२४ मध्ये, ती बंद करण्यात आली. जुनी ऐंशी-स्तंभी पीडीबी पद्धतीसुद्धा आता थकली आहे : तिच्या ठराविक रकान्यांत ९९,९९९ पेक्षा अधिक अणू मावत नाहीत, आणि लहान रेणूंसाठी नेमलेली तीन अक्षरी सांकेतिक नावे २०२३ मध्ये संपली, तेव्हा पाच अक्षरी नावे सुरू करावी लागली, ज्यांना त्या रकान्यात जागाच नाही. तिची जागा एमएमसीआयएफ या साध्या मजकुराच्याच पण विस्तारक्षम पद्धतीने घेतली असून, २०१९ पासून स्फटिकशास्त्रीय रचना दाखल करताना तीच सक्तीची आहे. हे स्थित्यंतर दप्तराच्या चालकांनी वर्षानुवर्षे आगाऊ सूचना देऊन घडवले, ही गोष्ट त्यांच्या कारभाराची दक्षता दाखवते.

दिसणारा रेणू कितपत खरा, हा प्रश्न मी टिकाऊपणाच्या खालोखाल महत्त्वाचा मानतो, आणि पाठ रचणाऱ्यांनी त्याकडे काणाडोळा करू नये. एक्सवायझेड फाइलीत बंधांचा उल्लेखच नसतो. पडद्यावर जी दांडी दिसते ती आज्ञावलीने अनुमानाने काढलेली असते : दोन अणूंमधील अंतर त्यांच्या सहसंयोजी त्रिज्यांची बेरीज आणि थोडी सूट यांच्या आत आले की बंध मानावयाचा, असा नियम असून, जेमॉलमध्ये ही सूट ०.४५ अँगस्ट्रॉम धरलेली असते. बहुतेक वेळा अनुमान बरोबर येते. परंतु धातूंच्या संयुगांत, किंवा जेथे अणू जरा जास्त जवळ आले आहेत अशा संगणित रचनांत, नसलेला बंध दिसतो आणि असलेला नाहीसा होतो, आणि पाहणाऱ्याला मात्र सर्व काही सारख्याच ठामपणे दाखवले जाते. क्ष-किरणांनी मिळालेल्या प्रथिनांच्या बहुतेक रचनांत हायड्रोजन नोंदलेलेच नसतात. साखळीचे जे भाग स्फटिकात स्थिर नव्हते ते गाळलेले असतात. गुळगुळीत, छायांकित, चकचकीत चित्र पाहून विद्यार्थ्याचा असा समज होतो, की रेणूचे छायाचित्रच आपण पाहत आहोत. हा समज दूर करण्याचे कर्तव्य साधनांनी स्वतः पत्करले पाहिजे. त्या दृष्टीने जुलै २०२१ मध्ये खुले झालेल्या अल्फाफोल्डच्या संग्रहाने घालून दिलेला दाखला आदर्श आहे : संगणकाने भाकीत केलेल्या त्या रचना उघडल्या, की गडद निळ्यापासून नारिंगीपर्यंतचे रंग अणूची जात दाखवत नाहीत, तर त्या त्या भागाच्या भाकितावर किती विसंबावे हे दाखवतात. अनिश्चिततेला रंग देण्याची ही प्रथा प्रायोगिक रचनांच्या पाठांतही यावी, असे मला मनापासून वाटते.

आणखी एका वर्गाचा विचार या क्षेत्रात फार उशिरा आणि फार थोडा झाला आहे. ज्यांना तांबडा व हिरवा यांतला भेद दिसत नाही त्यांना होफमान यांच्या रंगयोजनेतील ऑक्सिजन आणि क्लोरीन वेगळे ओळखता येत नाहीत. ज्यांना दृष्टीच नाही त्यांच्या पडदावाचक यंत्राला तर रेणूच्या चौकटीत वाचण्याजोगे एक अक्षरही सापडत नाही. फिरता रेणू ही त्यांच्या दृष्टीने भिंत आहे. प्रत्येक चौकटीखाली रेणूचे नाव, त्याची इंची-ओळ, आणि त्यात काय पाहावे याचे चार वाक्यांत शब्दचित्र दिले, तर ही भिंत पुष्कळ अंशी खाली येते; या कामाला नवे तंत्रज्ञान लागत नाही, आस्था लागते.

आपल्याकडील स्थितीविषयी थोडे सांगितले पाहिजे. मुंबईत पवई येथील आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाने जेमॉल शिकवणारी ध्वनिचित्र-पाठांची मालिका तयार केली असून, स्वतः अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ती अत्यंत उपयुक्त आहे. ही सर्व मुक्त साधने परवान्याचे मूल्य न देता कोणत्याही महाविद्यालयाला आपल्या संगणकावर ठेवता येतात, आणि एकदा उतरवून घेतल्यावर महाजालाची जोडणी तुटली तरी प्रयोगशाळेतील अंतर्गत जाळ्यावर चालू राहतात. तालुक्याच्या गावी ही सोय किती मोलाची आहे हे तेथील अध्यापकांना सांगावयास नको. कोणते साधन निवडावे, असे मला विचारल्यास उत्तर असे : लहान रेणू, त्यांची कंपने, स्फटिकांची सममिती, आणि पायरीपायरीने उलगडत जाणारा पाठ यांसाठी जेएसमॉल; प्रथिने व न्यूक्लिइक आम्ले यांसाठी मोलस्टार; आणि मजकुराच्या मध्ये एकच रेणू कमीत कमी खटाटोपाने बसवावयाचा असल्यास थ्रीडीमॉल. सुंदर छायांकनाचे आमिष दाखवणारी, पण मूळ संकेत बंद ठेवणारी साधने निवडण्याआधी चाइमची कारकीर्द आठवावी.

शेवटी रसायनशास्त्राच्या अध्यापकांना एक विनंती. चाइम किंवा जावा यांच्या काळात आपण रचलेले, आणि आता चालत नाहीत म्हणून बाजूला टाकलेले पाठ जुन्या संगणकांत, तबकड्यांत, महाविद्यालयाच्या कपाटांत कोठेतरी पडून असतील. त्यांतील चौकटी मेल्या आहेत, पण त्यांच्या शेजारच्या रेणूंच्या फाइली आणि आज्ञांच्या याद्या साध्या मजकुरात आहेत आणि आजही वाचता येतात. ते पाठ बाहेर काढावेत, फाइलींची प्रत सुरक्षित ठेवावी, आणि आज्ञांच्या याद्या जेएसमॉलला देऊन पाहाव्यात. त्यांतील बहुतेक पाठ थोडक्या दुरुस्तीने पुन्हा उभे राहतील. नवा पाठ रचताना रेणूची मूळ फाइल उतरवून घेण्याचा दुवा चौकटीखाली अवश्य द्यावा.